मोरेश्वर रोवणीले आला

मोरेश्वर डाव्या हातानं केस विंचरे, डाव्या हातानं दाढी करे. सदरा घालताना उजवा हात आदी बाहीत असा सोडे, जसं लहान लेकराले आपण कपडे घालून देतो. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. पण त्या हाताची त्यानं कधी कुरकुर केली नाई. कोणी विचारलंच तर म्हणे, "त्यानं बारा वर्सं पोसलं मले. आता मी त्याले पोसतो."

आमचं गाव लाखांदुराच्या अलीकडं हाये, चारी बाजूनं बांध्या, म्हणजे धानाची वावरं. त्याचं घर अन् माहं घर, मधात एकच भिंत. त्याची माय अन् मी एकाच वर्सी नवऱ्या होऊन या गावात आलो, म्हणून तो मले मोठीमाय म्हणे. शाळेत असताना कोण्यातरी मास्तरनं त्याले बेसबॉल खेळाले नेलं, तिथून नागपूर, अन् तिथून पार पंजाबाकडं. एका कंपनीच्या टीममधी होता. खेळाचा पगार भेटे त्याले. गावाले हे खरंच वाटे नाई. त्याच्या मायले बाया विचारत, "तुहा पोरगा काम काय करते वो?" ती म्हणे, "चेंडू फेकते." बाया तोंडाले पदर लावून हासत.

मंग खांद्यातली नस तुटली. कंपनीनं त्याले टेबलाखुर्चीचं काम देऊन पाहिलं. चार महिने बसला अन् एका दिवशी येस्टीतून आपल्या गावी उतरला. खांद्यावर लांब थैली होती. पाराजवळ बसलेल्या बायांनी थैलीत काय हाये म्हणून विचारलं. त्यानं एक गोल दांडा काढून दाखवला.

सुभद्रानं तो हातात घेऊन तोलला. ही सुभद्रा आमच्या रोवणीच्या, धानाची रोपं लावणाऱ्या बायांच्या, टोळीची मुकादम. तिची जीभ म्हणजे नुसता विळा. म्हणे, "मुसळ चांगलं गुळगुळीत हाये गा. पण एवढं हलकं? यानं पोहे तरी कुटले जाईन का?"

मोरेश्वर म्हणे, "काकू, यानं पोरी घडते."

"पोरी आमच्याकडं आपोआपच घडते," सुभद्रा म्हणे, "दांडा कायले पायजे?"

हासण्यावारी गेलं. पण धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या अन् तो शाळेतल्या सोळासतरा पोरी घेऊन खरंच बांधीत उतरला. आदी आठ दिवस त्यानं चेंडू दाखवलाच नाई. नुसती धसकटं उपटाले लावली. पोरी रडकुंडीले आल्या. एक म्हणे, सर, हे तर आमी घरी बी करतो. तो म्हणे, "घरी मायसाठी करता. इथं आपल्या नडगीसाठी करा." अन् चेंडू काढला त्या पयल्याच दिवशी तो राहिलेल्या धसकटावर आपटून एकीच्या नडगीवर असा बसला का बाकीच्या पोरींनी उरलेली बांधी न सांगता साफ केली.

त्याले पोरींची तारीफ करणं जमेच नाई. कितीबी चांगला झेल घेतला तरी तोंडातून एकच शब्द काढे, "बरं." पोरी त्या 'बरं' साठी जीव टाकत. घरी येऊन सांगत, "आज मले दोन खेप बरं म्हणलं." आमाले काही समजे नाई, का एवढ्याशा शब्दावर पोरगी जेवण सोडून नाचते कायले.

त्यातच माही कुंदा होती. माहा पोरगा तापात गेला. सून माहेरी गेली ते आलीच नाई. तवा कुंदा तीन वर्सांची. म्या तिले बांधीच्या काठाले, धुऱ्यावर, गोधडीत निजवून रोवण्या केल्या. दहाव्या वर्सी तिच्या हातात परे दिले. परे म्हणजे धानाची रोपं. तिनं असं भराभर रोवलं का सुभद्रा म्हणे, बुडी, तुही नात तुह्या पुढं जाईन. नवऱ्याले साप चावला तवा मी रडली होती. त्यानंतर मले रडाले सवड नाई भेटली. हे काही कोणाची दया यावी म्हणून नाई सांगत. होतं ते असं होतं.

दोन वर्सं तो तिले शिकवत होता. मंग एका सरकारी खात्यात पोरींची टीम बनणार असं कळलं. निवडली गेली तर पगाराची नोकरी. मोरेश्वर माह्याकडं आला, ओसरीत बसला, पाणी पेला अन् म्हणे, "मोठीमाय, कुंदा मले द्या. पगारावर लावून देतो."

म्या म्हटलं, "जबान देऊन राहिला का अंदाज सांगून राहिला?"

त्यानं लोटा खाली ठेवला. म्हणे, "जबान."

कुंदा नागपूरले गेली अन् हात हालवत परत आली. काय झालं ते मोरेश्वरनंच मले सांगितलं. बॅटीनं मारलेला चेंडू जमिनीवरून सरपटत येते, तो वाकून उचलून फेका लागते. कुंदा वाकली तर चांगली, पण दर खेपेले एक पाऊल मागं सरली. मागं सरलं का चेंडू उसळी घेऊन अंगावर येते, नाईतर हातातून निसटते. निवडणाऱ्या मॅडमनं वहीत लिहिलं, पोरगी चेंडूले भेते.

कुंदा कोपऱ्यात तोंड करून बसली होती. मोरेश्वर तिले बोलला नाई. मलेच म्हणे, "चूक तिची नाई, माही हाये. दोन वर्सं पाहून राहिलो अन् मले दिसलंच नाई. मी सांगतो पुढं ये, ती पुढं येते. माहं लक्ष हटलं का पुन्हा मागं. असं काहून होते, मले समजून नाई राहिलं."

म्या म्हटलं, "समजून काय करतं आता? साकोलीकडचं स्थळ आलं हाये. मंडईच्या वक्ती पाहाले येतो म्हणते."

आमच्याकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते. पाहुणे येते, नाटकं होते अन् सोयरिकीबी तिथंच जुळते. मोरेश्वरले हे का मालूम नव्हतं? तो म्हणे, "मंडईच्या आदी एक खेप पुन्हा निवड हाये. तवरी थांबा. नाई झालं तर मी स्वता पाहुण्यांचे पाय धुतो."

"अन् मधात?"

"मधात नागपूरले महिन्याभराचं शिबिर हाये. त्यात गेल्याशिवाय पुन्हा बोलवत नाई."

"कोण्या महिन्यात?"

तो खाली पाहून म्हणे, "रोवणीच्या."

आता हे समजून घ्या. आमच्याकडं रोवणीचा गुत्ता, म्हणजे ठेका, टोळी घेते. घरामागं एक बाई पायजेच. ज्या घरची बाई आली नाई त्या घराचं नाव टोळीतून जाते. एक डाव गेलं का पुढच्या वर्सी कोणी घेत नाई. माही कंबर गेली होती, मले सुभद्रा अर्धीच बाई धरे. अर्धी मी अन् एक कुंदा, असं आमचं चाले. कुंदा गेली तर आमचं घर टोळीतून गेलं. निवड झाली नाई तर पोरगी बी घरी अन् चूल बी थंड. हे म्या त्याले सांगितलं. आवाज चढवून नाई, जसं हाये तसं.

त्यानं आपला उजवा हात मांडीवर ठेवला होता, त्याच्याकडं पाहिलं. म्हणे, "मोठीमाय, हा वर जात नाई. खाली तर जाते."

मले काई समजलंच नाई तो काय म्हणून राहिला ते. रोवणी लागली, कुंदा शिबिराले गेली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो पॅन्ट गुडघ्यावरी गुंडाळून धुऱ्यावर सुभद्रापुढं उभा.

आमच्या झाडीपट्टीत गडीमाणूस रोवत नाई. गडी चिखल करते, पऱ्याच्या पेंड्या फेकते, धुऱ्यावर बसून बिडी ओढते. रोवणं बायांचं. म्हणून आदी कोणाले खरंच वाटलं नाई.

सुभद्रा म्हणे, "का गा, रस्ता चुकला का?"

"नाई काकू. कुंदाच्या जागेवर आलो."

बाया अशा हासल्या का धुऱ्यावरचे बगळे उडाले. सुभद्रा म्हणे, "मंग लुगडं नेसून ये!"

"तुमचं एक द्या ना," तो म्हणे, "पण काठ चांगला पायजे. मी बारा वर्सं वर्दीत राहिलो, मले कसंबी चालत नाई."

सुभद्रानं पऱ्याची एक पेंडी त्याच्या अंगावर फेकली. मंग म्हणे, "कामात मागं राहिला तर हाकलीन."

"हाकला."

पयला दिवस तर गेलाच त्याचा. बाया दोन वाफे पुढं अन् हा एकटा मधात, जसं वावरात बुजगावणं उभं केलं. डाव्या हातात परे अन् उजव्यानं रोवे. दुपारी जेवाले बसला तवा उजवा हात मांडीवर तसाच टाकून दिला. म्या डब्यातला भात अन् लाखोरीचं वरण त्याच्यापुढं सरकवलं. डाव्या हातानं खाल्लं. बाया नुसत्या त्या उजव्या हाताकडं पाहत राहिल्या. मंग सुभद्रानंच आपल्या डब्यातलं लोणचं त्याच्या भातावर टाकलं.

गावात टिंगल झाली नाई असं नाई. पाराजवळचे गडी म्हणत, पंजाबात खेळून आला अन् आता बायांसंग रोवून राहिला. त्याचा मोठा भाऊ तर दोन दिवस बोलला नाई त्याच्यासंग. हा रोज सकाळी त्याच पारावरून, पॅन्ट गुंडाळून, आमच्या मधातून जाये. कोणी काई म्हटलं तर राम राम करे.

तिसऱ्या दिवशी काय झालं, पाऊस भुरभुर येऊन राहिला होता. हा वाकून रोवता रोवता एक पाऊल पुढं टाके, सवयीनंच. अन् सुभद्रा मागून वरडली, "अबे, मागं सर ना! रोवलेल्या धानावर पाय देऊन राहिला! रोवता रोवता मागं सरा लागते, एवढंबी नाई समजत का?"

मोरेश्वर होता तसाच उभा राहिला. हातात पऱ्याची पेंडी, गुडघ्यावरी चिखल. म्हणे, "काय म्हटलं काकू?"

"मागं सर म्हटलं! बहिरा हायेस का?"

त्यानं माह्याकडं वळून पाहिलं. "मोठीमाय, कुंदा कितव्या वर्सापासून रोवते?"

"दहाव्या."

"वाकली का मागं सरते."

"मंग का पुढं सरन? आपलंच रोवलेलं तुडवन का ती?"

अन् तो हासाले लागला. असा हासला, असा हासला का पेंडी हातातून पडली अन् हा चिखलात बसला. बाया घाबरल्या. एक म्हणे, पित्त चढलं वाटते याले. तो डोळे पुसत मले म्हणे, "मोठीमाय, मॅडमनं लिहिलं पोरगी भेते. भेव नाई तिले! दोन वर्सं मी भेव काढत बसलो तिचं. ती तिथं रोवून राहिली होती!"

खरं सांगू? बाया हासल्या, पण मले ते लागलं. म्या जिंदगीभर मागं सरूनच पोट भरलं. मागं सरत सरत या गावच्या किती बांध्या हिरव्या केल्या त्याचा हिशोब नाई. अन् तेच शिकवलेलं माह्या नातीच्या पायात आलं म्हणते. म्या दिवसभर तोंड उचललं नाई. त्याले समजलं असन. घरी जाता जाता धुऱ्यावरून माह्या मागं चालत होता. म्हणे, "मोठीमाय, शहरातल्या पोरी दहा मिनिट वाकल्या का कंबर धरते. कुंदा दिवसभर वाकते अन् तिची पाठ सरळची सरळ. ते तुमचं हाये. ते मी ठेवतो. नुसती चाल बदलतो."

म्या म्हटलं, "बदल. पण रोवाले आली तर पुन्हा मागंच सरन ती."

"सरू द्या ना," तो म्हणे.

महिनाभर त्यानं एक दिवस खाडा केला नाई. शेवटी शेवटी सुभद्रा त्याले पुरी बाई धरत होती, अन् मले तशीच अर्धी.

कुंदा शिबिरातून आली तवा गावची बोडी, लहानसं तळंच ते, काठोकाठ भरली होती. त्यानं तिले बोडीच्या पाळीवर उभं केलं. टाचेमागं पाणी. समोरून हा डाव्या हातानं चेंडू मारे. ती वाकली, मागं सरली का धपकन पाण्यात. पयल्या दिवशी किती खेपा पडली, मोजलं नाई कोणी. कपडे धुणाऱ्या बाया धुणं सोडून पाहत बसल्या. कुंदा ओलीचिंब घरी आली अन् मले म्हणे, "आजी, हा मले बुडवून मारन."

तो दारातूनच म्हणे, "पोहता येते ना तुले?"

"येते."

"मंग काय."

ती रोज एका पिशवीत कोरडे कपडे घेऊन जाये. रोज ओले घेऊन येये. सर्दी झाली, तरी गेली. एकदा रागानं चेंडूच बोडीत फेकला तिनं. मोरेश्वरनं चप्पल काढली, पाण्यात उतरला अन् तो चेंडू घेऊन आला. पुन्हा मारला. कुंदा पुन्हा वाकली.

मंग एका दिवशी ती परत आली तवा पिशवीतले कपडे घडीचे घडीच होते. म्या विचारलं, काय म्हणला? ती म्हणे, "काई नाई म्हणला. 'उद्या कोरडे कपडे आणू नको' एवढंच म्हणला." अन् भिंतीकडं तोंड करून एकटीच हासत राहिली.

निवडीच्या दिवशी मी बी गेली. कागदावर घरच्या माणसाची सही पायजे होती. मले सही येते, तिसरीपर्यंत शिकली मी. एवढं मोठं मैदान म्या कधी पाहिलं नव्हतं. गवत असं का गाई सोडाव्या वाटे. मोरेश्वरले आत येऊ दिलं नाई, त्याच्यापाशी कोचचा कागद नव्हता. तो दोरीच्या बाहेर उभा राहिला अन् मी त्याच्या बाजूले सिमेंटच्या पायरीवर.

कुंदाची पाळी आली. एक माणूस सरपटत चेंडू मारे अन् वहीवाली तीच मॅडम बाजूले उभी. कुंदा वाकली अन् पुढं गेली. चेंडू उचलला, फेकला. पुन्हा वाकली, पुन्हा पुढं. एक चेंडू तिच्या बोटाले लागून दूर गेला. मोरेश्वरचं तोंड नुसतं दगडाचं. मॅडमनं वहीत पाहिलं, मागचं पान काढलं असन, अन् म्हणे, अजून मारा. मारतच राहिले. माही तर मोजदाद सुटली. ती मागं सरली नाई.

दुपारनंतर नावं वाचली. एक नाव, दोन नावं, कुंदाचं नाई. आणखी वाचली, नाई. म्या पदराची गाठ सोडली अन् पुन्हा बांधली. मनात म्हटलं, साकोलीवाल्यांले निरोप द्या लागन. तवाच कुंदाचं नाव घेतलं. गावाचंबी घेतलं, तालुक्याचंबी घेतलं.

मोरेश्वर उभ्याउभ्या खाली बसला. डोक्यावरचा भारा उतरवला का माणूस बसते ना, तसा. कुंदा धावत आली, दोरीखालून वाकून त्याच्यापुढं उभी राहिली, धापा टाकत. त्यानं वर पाहिलं.

"बोटाले लागला तो एक," तो म्हणे, "हात उशिरा गेला."

"हो सर."

"बाकी बरं."

अन् माही कुंदा, जी बोडीत पडून रडली नाई, ती तिथं भोकांड पसरून रडली. तो मले म्हणे, "मोठीमाय, पुढच्या रोवणीले तुमच्या घरची एक बाई कमी पडन."

म्या म्हटलं, "तू हायेस ना."

पण तो बी नव्हता. त्या मॅडमनंच कुंदाले विचारलं, इतक्या लवकर तुही चाल कोणी बदलवली? कुंदानं दोरीच्या बाहेर बोट दाखवलं. कागद नसलेल्या माणसाले मॅडमनं आत बोलावलं, अन् तिथूनच त्याले टीमसंग ठेवून घेतलं. मंग परीक्षा देऊन त्यानं कागदबी मिळवला. आता कुठं कुठं पोरी घेऊन जाते, इमानातून जाते म्हणते. कुंदा फोनवर सांगते, आजी, सगळ्या पोरी त्याच्या 'बरं' साठी मरते. सामान न्याले आला तवा मी कुंदासंग तिच्या नोकरीच्या गावी होती, म्हणून भेट झाली नाई. पारावरचे गडी आता पाहुण्यांले सांगते, आमच्या गावचा हाये.

म्या त्याले शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, नागपूरले. मॅडमनं त्याले थांबवून घेतलं होतं, म्हणून मी अन् कुंदा दोघीच येस्टी धराले निघालो. फाटकापासून मागं वळून पाहिलं. मैदान खाली झालं होतं. ज्यांची नावं आली नाई अशा सातआठ पोरी गवतावर बसल्या होत्या, कोण्या गावच्या होत्या देव जाणे. एक गुडघ्यात डोकं घालून रडत होती. मोरेश्वर तिच्यापुढं जाऊन उभा राहिला, डाव्या हातानं खिशातून चेंडू काढला अन् तिच्या पायापाशी ठेवला.

"तोंड पूस," तो म्हणून राहिला होता, "अन् उभी राहा. कुठं चुकलं ते पाहू."

त्या पोरी आमच्या नव्हत्या. त्याच्या झाल्या होत्या.